साठ हजार रुपये : नागपुरात आणि पुण्यात

गोंदिया स्थानकावरून रोज सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसने उच्च शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी नागपुरास उतरला, तर सुमारे 130 किलोमीटरांचा प्रवास करून तो घरापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर राहावयास गेलेला असतो. त्याच डब्यात दुसरा बसून राहिला, तर वर्धा, भुसावळ, मनमाड, दौंड अशी स्थानके मागे टाकीत दुसऱ्या दिवशी पुण्यास पोहोचतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात ज्या योजनांमधून निर्वाहाची रक्कम जमा होते, त्यांच्या दरपत्रकाच्या दृष्टीने मात्र या दोन मुलांत यत्किंचितही भेद नाही. पुणे आणि नागपूर या दोन्ही शहरांस एकाच वर्गात घातले असल्यामुळे दोघांनाही वर्षाकाठी 60,000 रुपयेच मिळावयाचे. रक्कम एक, योजना एक, अभ्यासक्रमही कदाचित एक. आणि तरीही एकाचे भागते व दुसऱ्याच्या बापास दर महिन्यास घरून पैसे धाडावे लागतात, हे कसे? खोलीच्या भाड्याची तुलना म्हणजे नेमकी कशाकशाची तुलना, हे उकलल्याशिवाय या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

दरपत्रकाच्या पोटात काय आहे

अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून सुरू झालेली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांसाठी 2023 मध्ये जाहीर झालेली ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, या तिन्हींचा सांगाडा एकाच प्रकारचा आहे. स्वाधार योजनेचे दर पाहिले तर मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि किरकोळ निर्वाहाचे 8,000 मिळून 60,000 रुपये होतात. इतर महानगरपालिकांच्या शहरांसाठी अनुक्रमे 28,000, 15,000 व 8,000 मिळून 51,000. आणि उर्वरित जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी 25,000, 12,000 व 6,000 मिळून 43,000.

हे आकडे नुसते वाचून पुढे जाण्याजोगे नाहीत. भोजनाची रक्कम लहान ठिकाणाहून मोठ्या शहरात जाताना 25,000 वरून 32,000 होते, म्हणजे सव्वापटीहून किंचित अधिक. निवासाची रक्कम मात्र 12,000 वरून 20,000 होते, म्हणजे पावणेदोन पटीच्या जवळ जाते. दरपत्रक आखणाऱ्याने जाणीवपूर्वक केले असो वा नसो, नागरी अर्थव्यवहाराचा एक मूलभूत नियम त्यात उतरला आहे. तांदूळ, तुरीची डाळ आणि तेल हे जिन्नस गाडीत भरून जिकडे भाव चढा असेल तिकडे पाठविता येतात, म्हणून त्यांच्या किमतीत शहरागणिक पडणारा फरक वाहतुकीच्या खर्चापलीकडे फार काळ टिकत नाही. जमीन कोठेही पाठविता येत नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनीची रिकामी खोली पुण्याच्या सदाशिव पेठेतील गर्दी तसूभरही कमी करू शकत नाही, आणि म्हणून दोन विद्यापीठनगरांतील खर्चाची तफावत मुख्यतः छपरात असते, ताटात ती पुष्कळ कमी असते.

केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांची जी प्रतवारी करते, तिच्यात पन्नास लाखांहून अधिक लोकवस्तीचे पुणे पहिल्या वर्गात, पाच ते पन्नास लाखांमधील नागपूर दुसऱ्या वर्गात आणि गोंदिया तिसऱ्या वर्गात मोडते; शेजारच्या छत्तीसगडातील रायपूर आणि दुर्ग-भिलाईही नागपूरच्याच वर्गातील. सातव्या वेतन आयोगानंतर या तीन वर्गांचे दर मूळ वेतनाच्या 24, 16 व 8 टक्के असे ठरले आणि महागाई भत्ता वाढल्यावर ते 30, 20 व 10 टक्क्यांवर गेले; दोन्ही वेळा प्रमाण तीनास दोन आणि दोनास एक असेच राहिले. सरकारी नोकराच्या बाबतीत पुण्याचे भाडे नागपूरच्या दीडपट धरावयाचे आणि विद्यार्थ्याच्या बाबतीत दोन्ही समान मानावयाचे, ही विसंगती दूर केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. नागपूरच्या रकमेस हात न लावता मुंबई-पुण्यासाठी वेगळा, वरचा वर्ग निर्माण करणे हाच त्याचा न्याय्य मार्ग होय. अशी अडचण केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. जर्मनीत विद्यार्थी-साहाय्याच्या कायद्यान्वये घरापासून दूर राहणाऱ्यास निवासापोटी 2024 च्या हिवाळी सत्रापासून दरमहा 380 युरो मिळतात, ते म्युनिकसारख्या अतिमहाग शहरातही तेवढेच आणि पूर्वेकडील स्वस्त गावातही तेवढेच. त्यावर तेथेही टीका होतेच.

शहर महाग का होते

जमीन हलत नाही एवढ्याने सर्व कोडे सुटत नाही, कारण जमीन नागपुरातही हलत नाही. खोलीचा दर ठरतो तो एकाच जागेवर किती प्रकारचे लोक बोली लावतात यावर. पुण्यात विद्यार्थ्यास जी दोन खोल्यांची सदनिका हवी असते, तीच हिंजवडीस नोकरीस जाणाऱ्या, नियमित वेतन मिळविणाऱ्या तरुणासही हवी असते, आणि स्पर्धा-परीक्षांची तयारी करणारे हजारो उमेदवारही त्याच पेठांमधून जागा शोधीत असतात. घरमालकाने ज्याची ऐपत अधिक त्याच्या मापाने दर लावावा आणि तो न परवडणाऱ्या चार जणांनी ती जागा वाटून घ्यावी, या रेट्यातूनच खोली भाड्याने न देता एकेक खाट भाड्याने देण्याची ‘कॉट बेसिस’ ही पद्धत रूढ झाली. नागपुरात विद्यार्थ्यांच्या वस्त्या बऱ्याच अंशी महाविद्यालयांभोवती स्वतंत्र आहेत; हिंगणा मार्गावरील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आसपास, नंदनवनाकडे, किंवा मेडिकल चौकाच्या परिसरात खोली घेणाऱ्याचा प्रतिस्पर्धी सामान्यतः दुसरा विद्यार्थीच असतो, आणि दोघांचीही ऐपत घरून येणाऱ्या पैशांएवढीच असते.

शहराच्या आत एका वस्तीचा दर दुसरीहून निराळा का, याचे उत्तर देणारा पहिला विचारवंत शेतकरी होता, ही गोष्ट धानाच्या जिल्ह्यातील वाचकांस विशेष वाटावी. योहान हाइनरिख फॉन थ्युनेन या उत्तर जर्मनीतील जमीनदाराने 1826 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की बाजारपेठेजवळच्या जमिनीचा खंड अधिक असतो, कारण माल वाहून नेण्याचा खर्च तेथे वाचतो आणि वाचलेली ती रक्कम जमीनमालक खंडाच्या रूपाने वसूल करतो. पुढे विसाव्या शतकात हाच नियम शहरातील घरांस लावण्यात आला. महाविद्यालयाच्या दारातील खोली महाग असते ती याच कारणाने: तिच्या भाड्यात रोजच्या येण्याजाण्याचे पैसे आणि वेळ आधीच मिळविलेले असतात. नागपुरात मेट्रोची मार्गिका हिंगणा मार्गाने लोकमान्यनगरपर्यंत गेल्यापासून सीताबर्डीकडे राहून तिकडे शिकावयास जाणे सुलभ झाले. जेथे प्रवास सोपा होतो तेथे जवळच्या जागेचे वर्चस्व ओसरते आणि लांबच्या जागेचा दर चढतो, हेही या नियमानेच समजते. मुंबईत उपनगरी रेल्वेच्या पासावर ठाणे-कल्याणकडून येणारा विद्यार्थी भाड्यातील बचतीची किंमत डब्यातील गर्दीत उभे राहून चुकवीत असतो.

मागणी अचानक ओसरली म्हणजे काय होते, ते राजस्थानातील कोटा शहराने अलीकडे दाखविले आहे. शिकवणी वर्गांच्या भरभराटीत तेथे वसतिगृहांच्या इमारतीवर इमारती उठल्या. 2024 मध्ये विद्यार्थी घटताच खोल्या रिकाम्या राहू लागल्या आणि मालकांना दर खाली आणावे लागले.

ओला धान आणि सुका धान

आता एकेका जागेच्या तुलनेकडे वळू. आपल्याकडे खरेदी केंद्रावर धान नेला म्हणजे नुसता काटा पाहून व्यवहार होत नाही. ओलावा 17 टक्क्यांहून अधिक नाही ना, हे आधी पाहिले जाते, आणि भात गिरणीवाल्याचे लक्ष त्याहून पुढे, क्विंटलमागे तांदळाचा उतारा किती पडेल याकडे असते. कारण ओल्या धानाच्या वजनात पाण्याचेही वजन असते, आणि दोन ढिगांची तुलना ते दोन्ही सारखे सुकविल्यावरच खरी होते. जाहिरातीत छापलेले दरमहा भाडे हा असा न सुकविलेला आकडा आहे. त्यात वीज धरली आहे की नाही, पाणी आहे की नाही, भाडे वर्षात दहा महिने द्यावयाचे की अकरा, आणि महाविद्यालयात पोहोचण्यास रोज किती पैसे मोडतात, हे सर्व एका पायरीवर आणल्याखेरीज दोन आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

नागपुरातील एका महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या मुलापुढे दोन जागा आहेत असे धरू; पुढील रकमा केवळ हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत. पहिली जागा महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावरील खासगी वसतिगृहात, दरमहा 4,500 रुपये, वीज-पाणी त्यातच, आणि आकारणी सत्राच्या दहा महिन्यांचीच: वर्षाचे 45,000. दुसरी जागा दूरच्या वस्तीत, माणशी दरमहा 3,200 रुपये. परंतु करार अकरा महिन्यांचा, म्हणून उन्हाळ्यात खोलीस कुलूप असले तरी भाडे 35,200. विजेचे दरमहा 300 प्रमाणे दहा महिन्यांचे 3,000. बस व ऑटोचे दरमहा 900 प्रमाणे 9,000. बेरीज 47,200 रुपये. महिन्यास 1,300 रुपयांनी स्वस्त दिसणारी जागा वर्षाअखेरीस 2,200 रुपयांनी महाग पडली, आणि रोजच्या प्रवासात गेलेल्या वेळेचे मोल तर या हिशेबात अजून धरलेलेच नाही.

शहराशहरांच्या तुलनेत आणखी एक रकाना वाढवावा लागतो, तो घरी येण्याजाण्याचा. नागपूरचा मुलगा महिन्यातून एकदा शनिवारी गावी येतो आणि परत जाताना घरचा एचएमटी किंवा जय श्रीराम तांदूळ पिशवीभर घेऊन जातो. तो व त्याचे खोलीसोबती हाताने रांधत असतील तर त्या तांदळाने खर्च खरोखरच उतरतो, आणि मेसमध्ये जेवत असतील तर काहीच उतरत नाही, कारण मेसवाला तांदूळ घेऊन दर कमी करीत नाही. पुण्याचा मुलगा दिवाळीस व उन्हाळ्यात असा दोनदाच येतो. त्याचा प्रवासखर्च कमी दिसतो. पण एकाएकी कोणी आजारी पडले तर आरक्षण न मिळाल्यामुळे होणारा खर्च त्याच्याच वाट्यास येतो.

┌─────────────
चौकट : दोन जागा तोलताना
आकडा नेहमी एका खाटेचा आणि एका वर्षाचा काढावा, खोलीचा किंवा महिन्याचा नव्हे.
भाडे किती महिन्यांचे, हे प्रथम विचारावे. मे-जूनचा प्रश्न तोंडी न ठेवता लिहून घ्यावा.
वीज, पाणी, इंटरनेट, जेवण आणि जाणे-येणे यांपैकी भाड्यात काय आहे व काय नाही, त्याची नोंद दोन्ही जागांसाठी सारख्याच क्रमाने करावी.
रविवारी रात्री मेस बंद असते काय, हेही विचारावे. असल्यास महिन्याची चार जेवणे वेगळी धरावी.
अनामत खर्चात मिळवू नये, पण ती केव्हा हातातून जाते व केव्हा परत येते, याच्या तारखा मांडाव्यात.
└─────────────

खर्चाचा हंगाम, उत्पन्नाचा हंगाम

चौकटीतील शेवटची बाब आपल्या जिल्ह्यासाठी सर्वांत निकडीची आहे. अनामत परत मिळते म्हणून ती खर्च नव्हे, असे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बिनचूक आहे. परंतु ज्या घरात वर्षाचे मुख्य उत्पन्न एकाच पिकाचे, त्या घरात रक्कम किती यापेक्षा ती कोणत्या महिन्यात द्यावयाची, हाच प्रश्न मोठा असतो. प्रवेशाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टात पार पडतात आणि अनामत, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे, मेसची आगाऊ रक्कम, कधी दलालाची दलाली असे सर्व एकाच आठवड्यात द्यावे लागते. बरोबर त्याच वेळी बांधीत रोवणी चाललेली असते. मजुरी, खत व चिखलणी यांत घरातील रोकड गेलेली असते. धान निघावयाचा दिवाळीच्या सुमारास, खरेदी केंद्रावर जावयाचा त्यानंतर, आणि चुकारे हाती पडावयाचे त्याहूनही पुढे. साधारण प्रतीच्या धानाचा 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलास 2,369 रुपये आहे. 10,000 रुपयांची अनामत म्हणजे चार क्विंटलांहून अधिक धान, जो त्या दिवशी अजून शेतात लोंबीसही आलेला नाही. मधल्या चार-पाच महिन्यांसाठी ही रक्कम व्याजाने उचलली, तर ते व्याज हा राहण्याचाच खर्च होय आणि तो भाड्यात मिळविला पाहिजे. अनामत न घेणारे, पण महिन्यास दोनशे-तीनशे रुपये अधिक आकारणारे वसतिगृह अशा घरास खरोखर स्वस्त पडू शकते.

शासकीय योजनांच्या रकमेनेही ही अडचण सुटत नाही, कारण अर्ज, पडताळणी आणि उपस्थितीचा दाखला या पायऱ्या ओलांडून ती येते. जुलैतील अनामतीस ती उपयोगी पडेल असे गृहीत धरून खोली ठरवू नये. 2024 च्या जुलैत राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्यामुळेच सालेकसा किंवा देवरीच्या मुलीने नागपुरास जावे की न जावे, हा निर्णय आता जवळजवळ संपूर्णपणे राहण्याच्या खर्चावर आणि जागेच्या सुरक्षिततेवर येऊन ठेपला आहे.

वसतिगृहाची एक जागा

गरीब विद्यार्थ्याने शहरात राहावे कसे, हा प्रश्न महाराष्ट्रापुढे नवा नाही. पूर्वी पुण्यासारख्या शहरात मुले वार लावून, म्हणजे आठवड्यातील एकेका दिवशी एकेका घरी, जेवत, किंवा माधुकरी मागत. या व्यवस्थेत अन्न दयेवर मिळे, पण ती ज्या घरांच्या उंबरठ्यावर चाले तेथे सर्व जातींच्या मुलांस प्रवेश नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभारण्यास चालना दिली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले, आपल्या विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले आणि नागपुरात चोखामेळा वसतिगृहाने दलित विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना आसरा दिला. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये स्थापन केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण मुलामुलींसाठी आजही वसतिगृहे चालवीत आहे.

वसतिगृहाची एक जागा त्या एका विद्यार्थ्याचा भार हलका करते एवढेच नव्हे. ज्यास वसतिगृह मिळाले तो बाजारात खोली शोधीत नाही, त्यामुळे बोली लावणारा एक माणूस कमी होतो आणि उरलेल्यांसाठीही दर थोडा निवतो. रोख रकमेचे तसे नाही: जागा तेवढ्याच राहून सर्वांच्या हातात थोडे अधिक पैसे आले, तर त्यातील काही भाग भाडेवाढीच्या रूपाने मालकाकडे जातो. म्हणून रोख साहाय्य आणि नवी वसतिगृहे यांत निवड करण्याची वेळ आलीच, तर मी वसतिगृहांच्या बाजूने कौल देईन. आणि विद्यार्थ्यानेही शासकीय वा संस्थेच्या वसतिगृहाचा अर्ज भरल्याशिवाय खासगी खोलीस हात घालू नये.

करारनाम्याची नोंदणी

खासगी जागा घ्यावयाचीच झाली तर तोंडी बोलीवर विसंबू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 55 अन्वये भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा दस्तऐवज नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत वाद उपस्थित झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरावे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. ही तरतूद अनेक घरमालकांना ठाऊक नसते आणि विद्यार्थ्यांना तर नसतेच. खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. तिघांनी मिळून दरमहा 12,000 रुपयांची जागा अकरा महिन्यांसाठी घेतली, तर 1,32,000 रुपयांवर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क 330 रुपये होते. अनामतीवरील मानीव व्याजापोटी त्यात किरकोळ भर पडते, आणि महानगरपालिका क्षेत्रातील नोंदणी फी 1,000 रुपये. सेवाशुल्क धरूनही माणशी भार काही शेकड्यांचाच पडतो.

खासगी वसतिगृहाच्या पावतीवर जीएसटीचा आकडा दिसल्यास त्याचाही जाब विचारावा, कारण जीएसटी परिषदेच्या 2024 च्या जूनमधील निर्णयानुसार माणशी दरमहा 20,000 रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान 90 दिवसांच्या निवासास या करातून सूट आहे. नोंदणीकृत कराराची प्रत विद्यार्थ्याने स्वतःजवळ ठेवावी आणि तिची एक छायाप्रत घरी धाडावी. स्वाधार, स्वयंम् किंवा आधार योजनेच्या अर्जात शहरातील वास्तव्याचा पुरावा म्हणून हाच कागद उपयोगी पडतो, आणि वर्षाअखेरीस अनामत परत मागताना भिंतीच्या रंगापासून नळाच्या तोटीपर्यंत कशाकशाची कपात करता येईल, हेही त्यातच लिहिलेले असते; नसेल, तर सही करण्यापूर्वी लिहून घ्यावे.